दोन कर्ण्यांमधली मुकी जागा

मित्रांनो, सोसायटीच्या गोदामात रिकाम्या पोत्यांमागे पालथा पडलेला गंजका कर्णा म्हणजे मी. आम्ही दोघे होतो, एकाच साच्यातले. सोलापूरहून एकाच खोक्यातून आलो.

बहात्तरचा दुष्काळ होता. बेंबळीजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते. वर सुरुंगाने खडक फोडायचा, खाली बायांनी खडी करायची. बार उडवण्याआधी दगडोबा लाल फडके घेऊन ओरडत धावायचा. त्याचा घसा बसला, तेव्हा मुकादम महारुद्र म्हणाला, "एका बैलाला वढंना तर जोड लावतो का न्हाय? दोन कर्णे लावा. दुप्पट आवाज!"

कोणालाच शंका आली नाही. मलाही नाही. एकमेकांपासून पंधरा हातांवर दोन खांब रोवून आम्हाला एकाच यंत्राला जोडले. दुपारी आमच्यातून रेडिओच्या बातम्या लागत. बार उडवण्याआधी एकसुरी भोंगा वाजे. दगडोबाचे धावणे बंद झाले.

पुतळाबाई एका बाभळीखाली खडी फोडायची, कारण तिच्या तान्ह्या लेकीची झोळी तिथेच टांगता येई. पहिल्याच दिवशी भोंगा झाला, सगळ्या बाया उठल्या, ही आपली हातोडा मारतच राहिली. दगडोबाने धावत जाऊन मायलेकींना ओढून आणले.

"बहिरी हाईस का गं?" महारुद्र कडाडला.

"आवाजच आला न्हाय, मुकादम."

"बातम्या ऐकू येत्यात अन् भोंगा तेवढा येत न्हाय व्हय?"

बाया हसल्या.

"लेकरू हुतं जवळ. म्या कशाला खोटं बोलू?"

तिचे नाव हजेरीतून कापले. त्या वर्षी या कामाशिवाय चूल पेटायला दुसरा आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सावली खडी फोडणाऱ्या कमलबाईने धरली. पुतळाबाई लेकीला कडेवर घेऊन आमच्या खांबाखाली मुकादमापुढे गयावया करत उभी होती. इतक्यात भोंगा झाला. ती दचकली. "मला ऐकू येतंय की!" म्हणाली, आणि तिने बाभळीकडे पाहिले. कमलबाईची मान खालीच होती.

वात पेटली होती. लेकीला दगडोबाच्या हातात देऊन पुतळाबाई धावली. मी जीव तोडून ओरडलो. माझा जोडीदारही ओरडला. पण आम्ही दोघे जितके ओरडलो, तितकी ती जागा मुकीच राहिली. पुतळाबाईने कमलबाईला बुंध्याआड ढकलले. उडालेला दगड तिच्या स्वतःच्या उजव्या हातावर पडला.

मग तुळजापूरचे रेडिओ दुरुस्त करणारे गुरुसिद्धप्पा आले. भोंगा चालू ठेवून ते चालत गेले. बाभळीखाली जवळजवळ शांत. पाच पावले बाजूला कान फुटतील असा आवाज. त्यांनी माझ्या जोडीदाराच्या तोंडात पोते कोंबले, आणि बाभळीखाली मी एकटा स्वच्छ ऐकू आलो.

मित्रांनो, आवाज म्हणजे हवेतली लाट. माझ्यापासून बाभळीपर्यंतची वाट जोडीदाराच्या वाटेपेक्षा वीतभर लांब होती. त्यामुळे तिथे त्याची लाट हवा दाबायची, त्याच क्षणी माझी लाट ती सैल करायची. दोन्ही मिळून काहीच उरत नसे. बोलण्यात अनेक सूर असतात, ते सगळे एकाच जागी बुजत नाहीत. म्हणून बातम्या ऐकू यायच्या. रेडिओचे दोन सारखे मनोरे एकच लहर सोडू लागले, तर त्यांच्यामध्येही अशाच मुक्या जागा पडतात.

महारुद्र पुतळाबाईच्या दारी गेला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, चुकलो. नाव परत लावतो. उद्यापासून या."

तिने फडक्यात गुंडाळलेला हात पुढे केला. "हातोडा कशानं धरू, मुकादम?"

बाळांनो, कोणी "मला ऐकू आले नाही" म्हणाले, तर हसू नका. आधी त्याच्या जागी जाऊन बसा. आमच्याकडे ती जागा खांबापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि दगड उडण्याआधी तिथे बसून ऐकायला कोणीही गेले नाही.