रविवार कुणाचा

फेब्रुवारीतल्या शनिवारी, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात, शेतकऱ्यांनी आपापले घोडे माळावर पळवायचे आणि बाकीच्यांनी चिखल तुडवत ते बघायला जायचं, याला आमच्या इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये करमणूक म्हणतात. मी लहानपणापासून ही करमणूक सोसत आलेय. गेली कित्येक वर्षं तर मला खंदकाच्या अडथळ्यावर पंच म्हणून उभं करतात. पंच म्हणजे फार काही नाही. हातात निशाण धरून कोण उडी मारतो, कोण पडतो आणि कोणाचा घोडा अडून बसतो ते बघायचं. हा अडथळा चहाच्या तंबूपासून सगळ्यात लांब आहे, म्हणून तिथे उभं राहायला दुसरं कुणी तयार होत नाही. आणि हेस्टर प्राउझ नाही म्हणत नाही, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक आहे.

मला दोन भाऊ. ॲम्ब्रोज आणि रेडव्हर्स. दोघेही माझ्याहून धाकटे, दोघेही पन्नाशीला टेकलेले, दोघेही बिनलग्नाचे. कोण करणार होतं त्यांच्याशी लग्न! वडील जाताना वरचं शेत आणि घर ॲम्ब्रोजच्या नावे करून गेले, खालचं रेडव्हर्सच्या, आणि मला दोन्ही घरांत राहायचा हक्क दिला. बिचाऱ्यांना वाटलं, पोरीची सोय लावली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांची लाडकी म्हातारी घोडी डचेस तबेल्यात बसली ती उठेना. ॲम्ब्रोज बाजाराला गेला होता. रेडव्हर्सने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं आणि तिला गोळी घालायला लावली. ती उठणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. पण संध्याकाळी ॲम्ब्रोज परतला तो रिकाम्या तबेल्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिला. "माझ्यासाठी थांबायचं तरी होतंस," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याने भावाशी बोलणं टाकलं. रेडव्हर्स तरी कुठे कमी? त्यानेही टाकलं. याला नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षं मी यांची टपालवाली. मेंढ्या कधी कातरायच्या, सामाईक ट्रॅक्टर कोणाकडे राहील, ओढ्याचं पाणी कोणी वळवलं, सगळं माझ्या तोंडून. चर्चच्या जेवणावळीत समोरासमोर बसले तरी "हेस्टर, त्याला मीठ इकडे सरकवायला सांग" म्हणणार. आठवड्याचे तीन दिवस मी वरच्या घरी, तीन दिवस खालच्या घरी. रविवार आळीपाळीने. माझे कपडे कुठल्याच कपाटात नसतात, ते पिशवीत असतात. कधीकधी पहाटे जाग आली की आपण कुठल्या घरात आहोत हे मला छतावरचे डाग बघून ओळखावं लागतं.

आता क्लेमबद्दल सांगते. क्लेम टॅपस्कॉट हा आमच्या भागातला नालबंद. शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी वेल्समध्ये दिलेली. तिच्या गावी, समुद्राजवळ, त्याने भट्टी घेतली होती आणि इथलं बिऱ्हाड आवरलं होतं. मला त्याने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं, मी गेले तर या दोघांचं कसं होणार? त्या शनिवारी शर्यतीच्या माळावर त्याचं शेवटचं काम होतं. सकाळी मी निशाण घेऊन निघाले तेव्हा तो एका घोड्याचा पाय मांड्यांत धरून वाकला होता. मान वर न करताच बोलला.

"तिसऱ्यांदा विचारणार नाही, हेस्टर. शेवटची शर्यत झाली की मी निघतोय. यायचं असेल तर ये."

"आणि ते दोघे?"

"त्यांना तोंडं आहेत की. दातसुद्धा आहेत अजून."

मी निशाण खांद्यावर टाकून चालू लागले. खंदकापर्यंत जाईस्तोवर माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते काही वाऱ्यामुळे नव्हतं. मला जायचं होतं. पण पाय निघेना. लोकांना तुरुंगात घालायला भिंती लागतात, मला दोन गाढवं पुरेशी होती.

पहिली शर्यत आमच्या शिकारमंडळाच्या सभासदांची. घोडाही घरचा आणि स्वारही घरचाच लागतो. बारा नावं आली होती, पण रात्रभर गारांचा पाऊस पडून माळाचा रबडा झाला आणि शहाण्या लोकांनी आपापले घोडे परत गाडीत चढवले. उरले दोघे. पार्सनवर ॲम्ब्रोज आणि टिंकरवर रेडव्हर्स. दुसरा माघार घेईल म्हणून दोघेही वाट बघत राहिले असणार, आणि शेवटी दोघांनाही पळावं लागलं.

यातली गंमत ही की पार्सन आणि टिंकर दोघेही डचेसचेच. एका आईचे हे दोन लेक शिकारीत नेहमी घोळक्यामागे पळत वाढले. पुढे दुसरा घोडा असेल तर कसलीही उडी मारतील. पण पहिलं कोण जाणार म्हटलं की दोघेही पाय रोवतात. हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून एवढ्या थंडीतही टेकडीवर गाड्यांच्या टपांवर चढून लोक बघत होते.

पहिला फेरा निभावला. दोघेही नकळत शेजारी शेजारी पळत होते, माझ्या खंदकावरून एकदमच उडाले, आणि मला चिखलाने माखून गेले. दुसऱ्या फेऱ्यात मात्र खंदकाजवळ पार्सनचा पाय घसरला. तो जागच्या जागी थांबला. त्याला थांबलेला बघून टिंकरही थांबला.

ॲम्ब्रोजने घोडा मागे नेला, टाच मारली, दौडत आणला. पार्सनने खंदकात डोकावून बघितलं आणि मान फिरवली. मग रेडव्हर्सने तेच केलं. टिंकर आडवाच उभा राहिला. असं पुन्हा पुन्हा झालं. चिडून ॲम्ब्रोज परत फिरला, तर टिंकर मुकाट त्याच्या मागे चालू लागला, आणि रेडव्हर्सला त्याला ओढून आणताना नाकी नऊ आले. म्हणजे पुढे जाता येईना, आणि एकाने सोडून जावं तर दुसऱ्याचा घोडा त्याच्या मागे घरी निघणार. टेकडीवरून हसण्याचा आवाज खाली येत होता.

"हेस्टर," ॲम्ब्रोज धापा टाकत म्हणाला, "त्याला सांग, पुढे हो म्हणावं. पार्सन मागून येईल."

"हेस्टर," रेडव्हर्स म्हणाला, "त्याला सांग, आधी तू हो म्हणावं."

आता सकाळीच मुख्य पंचांनी आम्हाला बजावलं होतं. गेल्या वर्षीच्या शर्यतीत कोणीतरी अडथळ्यावर टोपी हलवून घोडा हुसकला होता आणि त्यावरून भांडणं झाली होती. तेव्हा अडथळ्यावरच्या पंचाने स्वाराशी एक शब्द बोलायचा नाही, बोलला तर तो स्वार बाद. मी ओठ घट्ट मिटून घेतले. खरं सांगते, नऊ वर्षांत मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. कायदाच माझ्या बाजूने होता! दोघेही माझ्याकडे बघत राहिले. मी खंदकातल्या पाण्याकडे बघत राहिले. गारा पुन्हा सुरू झाल्या. घोड्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या आणि माझी बोटं निशाणाच्या काठीला चिकटली होती.

मग ॲम्ब्रोज आपल्या घोड्याच्या कानांशी बोलल्यासारखा बोलला.

"दोघांना बरोबर नेलं तर जातील."

रेडव्हर्सने नाक पुसलं.

"मघाशी गेले होते," तो म्हणाला.

बोलले! माझ्या देवा, बोलले. मला वाटलं, सुटले मी. आता हे दोघे एकमेकांना सांभाळतील, भांडतील, काय वाटेल ते करतील. मी आत्ता, याच पावली जाऊ शकते. मी एवढ्या दिवसांचा राग क्षणात विसरले, आणि दोघांच्याही लाल नाकांबद्दल मला माया वाटायला लागली.

दोघांनी घोडे मागे वळवले. तेवढ्यात रेडव्हर्स थांबला.

"पण उद्याचा रविवार माझा."

"तुझा कसा?" ॲम्ब्रोज म्हणाला. "गेल्या रविवारी तुझ्याकडेच होती ती."

"गेल्या रविवारी तिला ताप होता. दिवसभर निजून होती, मी थंड पाव खाल्ला. तो कसा धरायचा?"

ॲम्ब्रोजने खरंच विचार केला. "बरं, मग अर्धा अर्धा करू. दुपारचं जेवण तुझ्याकडे, रात्रीचं माझ्याकडे."

"चालेल. आणि कपडे?"

"कपडे सोमवारी, माझ्याकडे. तुझेही पाठव, एकदमच धुवील."

"हे आपण आधीच करायला हवं होतं," रेडव्हर्स म्हणाला, आणि त्याच्या आवाजात समाधान होतं.

मी दोन हातांवर होते त्यांच्या. चिखलात उभी, निशाण धरून. एकानेही मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही. नऊ वर्षं मला वाटायचं, हे बोलत नाहीत म्हणून मी अडकलेय. आणि आता बोलले तर काय बोलले? मला कोणी कसं वापरायचं ते. त्यांचं भांडण होतं तोवर मी दोनदा रांधायचं. आता समेट झाला तर दोघांचं एकदम धुवायचं. मला इतका संताप आला की थंडी पळाली.

"उद्या मी कुणाकडेच नाही," मी म्हणाले. "मी क्लेमबरोबर वेल्सला चाललेय. आज. आणि मी बोलले, म्हणजे तुम्ही दोघेही बाद."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ॲम्ब्रोजने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो रेडव्हर्सकडे वळला.

"तिला विचार, हे ठरलं कधी?"

"ॲम्ब्रोज विचारतोय, कधी ठरलं," रेडव्हर्स माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला.

"आत्ता."

"आत्ता म्हणते," त्याने ॲम्ब्रोजला सांगितलं.

"तिला सांग, मग माझ्या घराचं दार तिला बंद."

"माझंही," रेडव्हर्स म्हणाला. पण तेही त्याने मला नाही, ॲम्ब्रोजलाच सांगितलं.

मग दोघांनी घोडे दूर नेले, शेजारी शेजारी उभे केले, आणि ॲम्ब्रोजने मोठ्याने तीनपर्यंत मोजलं. डचेसचे दोन्ही लेक खंदकावरून असे सुरेख उडाले की टेकडीवरच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाद झालो तरी शर्यत पुरी करायचीच असं त्यांनी ठरवलं असावं. पुढच्या प्रत्येक अडथळ्यावर ते बरोबर गेले. खोगिरावरून वाकून ॲम्ब्रोज काहीतरी बोलत होता, आणि रेडव्हर्स हसत होता. त्याचं हसणं मी विसरूनच गेले होते.

मुख्य पंच घोड्यावरून चौकशीला आले तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि विजेत्याचा कप पेटीत परत ठेवला.

अजून पाच शर्यती बाकी होत्या आणि मला जागा सोडता येत नव्हती. दुसरं कोण येणार होतं तिथे? मी पडलेले स्वार मोजत राहिले, अडलेले घोडे मोजत राहिले. दूरवर चहाच्या तंबूजवळ माझे भाऊ एका खोक्यावर बसून मी पहाटे भाजलेल्या मटणाच्या करंज्या खात होते. मला भूक लागली होती. त्यांच्याकडे जाऊन एक मागावी असं मनात आलं, आणि मग कळलं की ते आता माझ्याने होणार नाही, कधीच.

अंधारून आलं तेव्हा शेवटचा घोडा गेला. मी निशाण गुंडाळलं आणि क्लेमच्या गाडीत जाऊन बसले. माझ्या पायांना मातीचे गोळे लागले होते आणि दात वाजत होते. त्याने आपला कोट माझ्यावर टाकला. गाडी चालू केली नाही. आधी विचारलं, "भावांना सांगितलंस? काय म्हणाले?"

"मला काही नाही म्हणाले," मी म्हटलं. "एकमेकांशी बोलले."

आणि मग मला रडू आवरेना.