हो म्हणणारी मोटार

पंचवटीत त्या सकाळी ही गर्दी! देवळात नव्हे, अक्काबाईंच्या वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडपुढे. शेडमध्ये एक जुनी, लांब नाकाची, दोनच बैठकांची शर्यतीची मोटार उभी होती. बॉनेटवर हळदीकुंकू, दोन्ही दिव्यांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. खाली गळलेल्या तेलाचं डबकं होतं, तर त्यातही कुणीतरी भाविकानं फूल वाहिलं होतं. शहाणीसुरती माणसं त्या मोटारीपुढे हात जोडून उभी होती, कारण अक्काबाईंचा मेलेला मुलगा तिच्यातून बोलतो म्हणे!

बोलतो म्हणजे कसा? तर केरूबाबा नावाचा एक मांत्रिक प्रश्न विचारायचा. इंजिनातून खट्-खट् असा ठोका उमटला की उत्तर ‘हो’. ठोका उमटला नाही की ‘नाही’. बंद दारावर आतून कुणी बोटाच्या पेरांनी ठोकावं, तसा तो आवाज. ऐकून भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा. अक्काबाई मात्र घाबरत नसत. त्या वाट बघत असत.

मुलगा वाल्मीक. पिंपळगाव बसवंतचा कांदा लॉरीतून मुंबईला धाडायचा धंदा. देवळालीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याची ही जुनी मोटार वाल्मीकनं घेतली. “अरे, हिच्यात कांद्याची एक गोण मावत नाय, कशाला आणलीस?” अक्काबाईंनी विचारलं होतं. तो नुसता हसला होता. मग भाद्रपदात विषमज्वर झाला आणि बघता बघता सोन्यासारखा मुलगा गेला. मागे बायको चतुरा, तीन वर्षांची गोदा आणि ही मोटार.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऐन पितृपंधरवडा. अक्काबाई हात जोडून म्हणाल्या, “गोदीला सांभाळीन रे बाबा.” कावळा नाही. “तुझ्या बायकोला अंतर देणार नाय, सुनेला लेकीसारखी ठेवीन.” तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. पण त्या दिवसापासून आईच्या काळजात काटा रुतला तो रुतलाच. माझ्या लेकराचं काय राहिलं? काय मागत होता तो?

दुःखी माणसाचं दार उघडंच असतं, आणि अशी दारं केरूबाबासारख्यांना बरोबर सापडतात. त्याला घेऊन आला वाल्मीकचा चुलतभाऊ पुंजा. मोटार पुंजानंच चालू केली. तिच्यातून ठोका आला, तेव्हा बाबानं डोळे पांढरे केले.

“अहाहा! सप्तशृंगीच्या पायथ्याशी बारा वर्षं तप केलं, पण असं तेजस्वी पितर पाहिलं नाही! चतुश्चक्रवाहनी बसलंय, माते! तेलाच्या रूपानं रडतंय, धुराच्या रूपानं उसासे टाकतंय!”

तेल गळत होतं ते फुटक्या पॅकिंगमधून, पण तिथं हे म्हणणार कोण? म्हणणारी एकच होती. अक्काबाईंची बालमैत्रीण रोशनबी, बांगड्या विकणारी. ती म्हणाली, “तौबा! अगं अक्का, तुझा वाल्मीक जित्तेपणी घडाघडा बोलायचा. मेल्यावर त्याला एवढंच येतं व्हय?”

“तुला नाय कळायचं, रोशन,” अक्काबाई म्हणाल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

रोज दिवेलागणीला बैठक व्हायची. पुंजा स्टेअरिंगवर बसायचा. पितराच्या गादीवर कुणाची नजर पडू नये म्हणून स्टेअरिंगवर भगवी चादर टाकायची, असा बाबाचा दंडक होता. चतुराला शेडमध्ये यायला बंदी. “पांढऱ्या कपाळाची बाई समोर आली की पितर बिथरतं,” बाबा म्हणायचा. बिचारी स्वयंपाकघरात गोदाला मांडीवर घेऊन बसायची आणि भिंतीपलीकडचे ठोके ऐकायची. इंजिन बंद केलं की आतून बारीक आवाज यायचा, टिक्... टिक्... “पितर पावलं वाजवत परत निघालं,” बाबा सांगायचा. सगळे पांगले तरी अक्काबाई अंधारात मोटारीला कान लावून थांबायच्या. शेवटचं पाऊल विरेपर्यंत. मग “उद्या ये रे,” असं म्हणून घरात जायच्या.

आणि मग एका बैठकीत बाबानं तो प्रश्न विचारला. “बाळा वाल्मीका, कावळा का शिवला नाही? मातेनं बायकोला ठेवीन म्हटलं, तेच तुला नको होतं काय?”

खट्-खट्-खट्-खट्! मोटार नुसती थरथरली.

“तिनं तुला खाल्लं काय? तिला माहेरी धाडायची, आणि पोर इथं ठेवायची?”

खट्-खट्-खट्!

 मोडकं का होईना, अक्काबाईंना उत्तर मिळालं होतं. लेकाची मुक्ती एका पारड्यात नि सून दुसऱ्यात. कुठली आई काय करणार, सांगा! सून गेली की घरात पुंजाला जाब विचारणारं कोणी उरणार नव्हतं, लॉरीही त्याच्याच हाती जाणार होती. पण हे अक्काबाईंच्या ध्यानात यायला त्यांचं ध्यान जागेवर हवं ना.

तर ती ही सकाळ. चतुराला माहेरी दिंडोरीला पोचवायला छकडा दाराशी उभा होता. गोदाला अक्काबाईंनी कडेवर घट्ट धरलं होतं आणि पोर “आई, आई” करत टाहो फोडत होती. निरोपाची बैठक म्हणून मोटार चालू होती, पुंजा चादरीखाली हात घालून बसला होता.

चतुरा बोचकं घेऊन बाहेर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता. “आत्याबाई, जाते मी. जाताना एकदा गाडीच्या पाया पडू द्या.”

“अब्रह्मण्यम्! पितर भडकेल!” बाबा ओरडला.

“नवरा होता तिचा,” अक्काबाई म्हणाल्या. “पडू दे.”

चतुरा वाकली. आणि उठता उठता तिनं ती चादर खस्सकन ओढली.

पुंजाचा हात चोरासारखा दिसला. स्टेअरिंगच्या मधोमध पितळेची एक छोटी दांडी होती, तिच्यावर त्याची दोन बोटं होती. त्यानं दचकून हात झटकला आणि त्या धक्क्यानं दांडी पुढे सरकली. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मोटार बोलली. खट्-खट्-खट्!

“ऊठ, भावजी,” चतुरा म्हणाली. पुंजा उठला. ती चालकाच्या जागेवर बसली. बायकांतून “अगं बाई!” असा एकच गलका झाला.

“तुला काय कळतं त्यातलं?” अक्काबाई ओरडल्या.

“त्यांनी शिकवली, आत्याबाई. सोमेश्वराच्या दर्शनाला जातो सांगून आम्ही गंगापूरच्या रस्त्याला जायचो. तुमच्याशी खोटं बोललो, त्याची शिक्षा मला द्या. पण हा आवाज त्यांचा नाय. पिस्टनची पिन झिजलीय. मुंबईहून नवी मागवायची राहिली, त्याच्या आधीच...”  तिनं पदरानं नाक पुसलं. “इंजिनात ठिणगी कधी पडावी ते ही दांडी ठरवती. ठिणगी वेळेवर पडली की गाडी गप्प. दांडी पुढे लोटली की ठिणगी घाईनं पडती, पिस्टनला अवेळी दणका बसतो आन् झिजलेला सांधा खडखडतो. ते म्हणायचे, पिन येईस्तोवर हिला हळू चालवताना दांडी मागं ठेव, नायतर कटकट करती म्हातारीसारखी.”

सोमेश्वराहून दोघं धुळीनं माखून यायची आणि उगाच हसत असायची, ते अक्काबाईंना आठवलं. ‘कटकट करती म्हातारीसारखी.’ हे बोलणं कुणाचं, हे आईला सांगायला नको होतं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांना मुलाचा खरा आवाज ऐकू आला होता.

रोशनबी पुढे सरसावली. “थांब गं पोरी, मी इचारते. काय रे मोटारी, हा केरूबाबा लबाड हाय का?”

चतुरानं बोट हलवलं. खट्-खट्-खट्!

लोक खो खो हसले. बाबा दोन्ही हात वर करून किंचाळला, “पितर हिच्या अंगात शिरलं! पळा! वाहन फुटेल!” पण सगळ्यात आधी तोच पळाला. लिंबंदेखील मागे राहिली. पुंजा खाली मान घालून तिथंच उभा होता.

अक्काबाईंनी गोदाला खाली सोडलं. त्या मोटारीजवळ गेल्या. चतुरा उतरली आणि तिनं सासूचा हात त्या पितळी दांडीवर ठेवला.

“वाल्मीक,” अक्काबाई हळूच म्हणाल्या, “हायेस का रे बाळा?”

मोटार गप्प.  म्हातारीनं डोळे मिटले आणि दांडी पुढे ढकलली. खट्-खट्-खट्. मागे ओढली. शांत. पुन्हा ढकलली. खट्-खट्-खट्. मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि हंबरडा फोडला.

“मीच म्हणतेय गं! ‘हो’ मीच म्हणतेय!”

चतुरानं इंजिन बंद केलं. शेडमध्ये पुन्हा तो आवाज सुरू झाला, टिक्... टिक्... माणसं दोन पावलं मागे सरकली. अक्काबाईंनी सुनेचा दंड धरला. “आन् हे? ही पावलं?”

“तापलेलं लोखंड निवतंय, आत्याबाई. तापला तवा उतरवून ठेवला की वाजतो ना, तसं.”

त्या दोघी तशाच उभ्या राहिल्या. टिक्. मग बऱ्याच वेळानं आणखी एक टिक्. मग काही नाही. या वेळी अक्काबाई “उद्या ये” म्हणाल्या नाहीत.

“मग कावळा का नाय शिवला?” त्यांनी विचारलं.

“अगं माझे आई,” रोशनबी म्हणाली, “पितृपंधरवड्यात रामकुंडावर कावळा उपाशी असतो का? घाटभर पिंडच पिंड. पोट फुगून झाडावर बसला असंल मेला!”

अक्काबाईंना रडता रडता हसू आलं. छकडेवाल्याला त्यांनी परत धाडलं आणि पुंजाला म्हणाल्या, “लॉरीची किल्ली सुनेच्या हातात दे.” गोदा केव्हाच आईच्या गळ्यात पडली होती.

तर लोकहो, इंजिन खडखडलं तर पिन बघा, कावळा आला नाही तर त्याचं पोट बघा. गेलेल्यासाठी पोटभर रडा, त्यात लाज कसली? पण त्याच्या नावानं कुणी जिवंत माणसाला घराबाहेर काढायला सांगू लागला, तर हात जोडायच्या आधी त्याच्यापुढची चादर ओढा. अक्काबाईंनी पिंडापुढे दिलेला शब्द अखेर पाळला गेला, आणि त्यासाठी कावळ्याची गरज पडली नाही.