तेहतिसाव्या किलोमीटरचं फाटक

कल्याण नावाच्या गेटमनच्या आवाजाला अख्खा परतूर तालुका वचकून होता. रेल्वेचं फाटक पडलं की त्याच्या खालून वाकून पलीकडं जाणं, हा आपल्याकडं प्रत्येकाला बापजाद्यांनी दिलेला हक्क वाटतो. लोक मोटारसायकल आडवी करून काढतात, शेळ्या काढतात, एकदा तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव काढायला निघाले होते. कल्याणच्या फाटकावर मात्र हे लाड नव्हते. "थांब!" अशी एकच आरोळी यायची आणि वाकलेला माणूस अर्धा वाकलेलाच राहायचा. मागाहून शिव्या द्यायचे, ती गोष्ट वेगळी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक दूधवाला त्याच्या डोळ्यांदेखत सायकल घेऊन फाटकाखाली शिरला होता, आणि कल्याण तेव्हा नुसता बघत राहिला होता. त्याला आता तेवीस वर्षं झाली. त्यानंतर तो कधीच नुसता बघत राहिला नाही.

त्याची पोरगी शिवकन्या पळायची. हौसेनं पळतात तसं नाही, जिवावर उदार होऊन पळायची. पुण्याच्या एका ॲकॅडमीचा नियम होता: मुलीनं वयाची चोवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, मोजून घेतलेल्या रस्त्यावर, पूर्ण मॅरेथॉन तीन तास दहा मिनिटांच्या आत काढली, तर राहणं, खाणं, कोच, सगळं त्यांच्याकडं. एक सेकंद इकडं तिकडं चालणार नाही. शिवकन्या दोनदा जीव तोडून पळाली होती. पहिल्या खेपेला नशिबी घाट आला, दुसऱ्या खेपेला हैदराबादेतले उड्डाणपूल. दोन्ही वेळा सात-आठ मिनिटं जास्त. फेब्रुवारीत तिला चोवीस पूर्ण होणार होती, आणि आता जानेवारी लागला होता. हे हुकलं तर परतूरच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे सातबारे छापत बसायचं होतं.

"पप्पा, चढ नसता ना, तर मी काढला असता टाइम," ती हैदराबादेहून आल्यावर म्हणाली होती. रडली नाही. पण तिची आई दैवशाला रडली, आणि कल्याणच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

गेटमनच्या डोक्यात येऊन येऊन काय येणार? रूळच येणार. आगगाडीला चढ सोसत नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक. पूर्वी इथून मीटरगेजची छोटी लाईन जायची. मोठी लाईन टाकताना काही ठिकाणी ती जराशी बाजूनं घेतली, आणि जुन्या लाईनचा भराव तसाच पडून राहिला. वर रूळ नाहीत, दगड नाहीत, दोन्ही अंगांना बाभळी, आणि मधून तळहातासारखी सपाट वाट. शिवकन्या लहानपणापासून त्याच वाटेवर पळत आलेली. मॅरेथॉन इथंच भरवली तर?

मंग काय, कल्याणनं मूलचंदशेठचा पिच्छाच पुरवला. मूलचंदशेठ बियाण्यांचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं चालायला सांगितलं, तर हा गडी पळायलाच लागला आणि भेटेल त्याला पळवायला लागला. त्यांना कल्पना अशी आवडली, की दुकानातला चहाचा कप तसाच निवून गेला. भरावावर मुरूम टाकला, परवानग्या आणल्या, रस्ता मोजून घेतला, जालन्या-परभणीपर्यंत पत्रकं वाटली. परतूरहून निघायचं, एकवीस किलोमीटर जायचं, वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं.

अडचण एकच होती. जुना भराव एका जागी लाईनच्या डाव्या हाताकडून उजव्या हाताला जायचा, आणि ती जागा म्हणजे नेमकं कल्याणचं फाटक. जाताना नववा किलोमीटर, येताना तेहतिसावा.

"कल्याणराव, आणि गाडी आली तर?" मूलचंदशेठनं विचारलं.

कल्याणनं छाती फुगवली. बारा रविवारांची रजिस्टरं त्यानं आधीच चाळून ठेवली होती. "सकाळची पॅसेंजर साडेसातला जाती. तिथून पावणेनऊपर्यंत लाईन बिलकुल मोकळी. बारा आठवड्यांत एक मालगाडी न्हाई त्या टायमाला. लिहून देऊ का शेठ?"

मालगाडीला टाइमटेबल नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या गेटमनला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे! पण माणसाला लेकरासाठी काही हवं असलं, की त्याला बारा रविवारही पुरेसे वाटतात.

त्या रविवारी त्यानं रजासुद्धा घेतली नाही. दैवशाला शेवटच्या रेषेवर जाऊन उभी राहिली, आणि हा म्हणाला, "मी फाटकावरच बरा. आपलं माणूस असलेलं बरं असतं."

साडेपाचला शर्यत सुटली. सहा वाजून नऊ मिनिटांनी, अंधार फिटत असताना शिवकन्या फाटकातून गेली. कल्याणनं बॅटरी हलवली. ती हसली. पॅसेंजर वेळेवर आली, वेळेवर गेली. पावणेआठला नागसेन आला, आठला ड्युटी बदलायची म्हणून. हा दुसरा गेटमन, कल्याणपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बडबड्या. त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं, "कल्याणभाऊ, ताई तीस किलोमीटरला दोन तास चौदा मिनिटांत! तीन तास आठमध्ये काढून राह्यली ती. पेढे सांगून ठेवा."

पेढे किती किलो सांगायचे, याचा कल्याण हिशेब करायला लागला. आणि तेवढ्यात फाटकाशेजारच्या गुमटीतला फोन खणखणला.

स्टेशन मास्तर होते. मालगाडी सोडायची होती. फाटक बंद करा आणि प्रायव्हेट नंबर द्या, म्हणाले. फाटक बंद झालं की गेटमननं आपल्या यादीतला एक आकडा सांगायचा, तो दोघांनीही वहीत लिहायचा, मगच गाडी सुटते. कल्याणनं घड्याळ पाहिलं. सात त्रेपन्न. शिवकन्येला इथं पोचायला चार मिनिटं.

"सांगा ना मास्तरला, फाटकात माणसं हायेत म्हणावं," नागसेन दबक्या आवाजात म्हणाला. "पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय? रोज थांबतात गाड्या."

खरंच थांबतात. बैलगाडी अडकली, ट्रॅक्टर बंद पडला, की गाडी थांबतेच. पण फाटकात त्या घडीला चिटपाखरू नव्हतं, आणि कल्याण आयुष्यात मास्तरशी खोटं बोलला नव्हता. हात नेहमीच्या सवयीनं हँडलकडं गेले. फाटक उतरलं. त्यानं आकडा सांगितला, वहीत लिहिला.

"आता?" नागसेन म्हणाला.

"आता काय," कल्याण हिरवी झेंडी घेऊन बाहेर पडला. "गाडी यायला टाइम हाय. पोरं खालून वाकून जातील. मी बघतच न्हाई आज त्यांच्याकडं."

"तुम्ही? बघणार न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

आणि तो रुळांच्या परतूरकडच्या बाजूला खरोखर पाठ फिरवून उभा राहिला. मनाशी पक्कं ठरवून. तेवीस वर्षांचा नेम एका सकाळपुरता मोडायचा, पोरगी गेली की झालं, मग नोकरीवर कोणी काही बोलो. दूर वळणावर इंजिनाचा दिवा दिसला. गाडी नुकतीच निघालेली, रांगत होती.

आधी दोन गडी आले, फाटकाखालून वाकून, रूळ ओलांडून निघून गेले. कल्याण गप्प. मग परभणीची एक मुलगी आली. ती सुरुवातीपासून शिवकन्येच्या जोडीनं पळत होती, आता दहा पावलं पुढं असेल. तीही वाकली, गेली. कल्याण गप्प. नागसेन तोंडावर हात ठेवून बघत होता.

मागून पावलं आली. ती कुणाची, ते कल्याणला न बघता कळलं. ती चौथीत असल्यापासून ऐकत आलेला तो. बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळली. बाप आहे, मान वळणारच. शिवकन्या फाटकाशी आली, वेग न मोडता वाकली, डोकं आणि एक खांदा दांडीच्या खाली गेला.

"थांब!"

कोण ओरडलं, ते कल्याणला क्षणभर समजलं नाही. मग घशात जळजळलं, तेव्हा समजलं.

शिवकन्या थांबली. मागं सरकली, ताठ उभी राहिली, आणि दांडीला दोन्ही हात लावून बापाकडं बघत राहिली. गाडी चांगली एक किलोमीटर लांब होती. दोनदा जाऊन आली असती पोरगी. कल्याणला 'जा' म्हणायचं होतं. एकच अक्षर! ज्या गळ्यानं हाळी दिली की अर्धा मैल ऐकू जायची, त्या गळ्यातून ते एक अक्षर निघेना. त्याच्या डोळ्यांसमोर दूध सांडलेलं होतं, रुळांच्या मधल्या दगडांवर, आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

"अहो सांगा ना तिला!" नागसेन ओरडला. "ताई, जा जल्दी, लई टाइम हाय!"

शिवकन्येनं नागसेनकडं पाहिलंसुद्धा नाही. ती बापाकडं बघत होती. आणि मग इंजिन शिट्टीच्या बोर्डाशी आलं, लांबलचक शिट्टी झाली, आणि त्यानंतर कुठल्याही गेटमनला कुणाला जा म्हणता येत नाही.

गाडी रिकामी होती. एक पोतं नाही, एक कोळशाचा खडा नाही. अठ्ठावन्न उघडे डबे खडखडत, डुलत, अगदी सासरी जायची घाई नसलेल्या पोरीसारखे चालले होते. गाडी जाईपर्यंत झेंडी धरून चाकं नीट आहेत का ते बघणं ही ड्युटी. कल्याणनं ड्युटी केली. डब्यांच्या फटीतून मध्येच एक गुलाबी टी-शर्ट दिसायचा, लपायचा, पुन्हा दिसायचा. सुरुवातीला तो जागच्या जागी उड्या मारत होता. नंतर मारायचा बंद झाला.

आठ वाजून दोन मिनिटांनी फाटक उघडलं. अडीच तास पळून पाय एकदा थांबले की ते पाय राहत नाहीत, लाकडं होतात. शिवकन्या पहिली वीस पावलं लंगडत गेली. बापाच्या शेजारून गेली. कल्याण म्हणाला, "पळ, पोरी, पळ," आणि त्याचं त्यालाच इतकं ओशाळल्यासारखं झालं, की तो वहीत टाइम लिहायला गुमटीत शिरला.

ड्युटी सोपवून तो नागसेनची मोटारसायकल घेऊन परतूरला गेला. मैदानावर सनई लावली होती, पोहे वाटून राह्यले होते. परभणीची मुलगी तीन तास आठ मिनिटांत आली होती आणि मूलचंदशेठ तिच्या गळ्यात हार घालत होते. कल्याणला तिचा राग आला नाही. राग कुणाचा करायचा, तेच त्याला कळेना.

शिवकन्या आली तेव्हा मोठ्या घड्याळात तीन तास, चौदा मिनिटं, वीस सेकंद झाले होते. दैवशालेला आकडे कळत नव्हते, ती टाळ्या वाजवत पुढं धावली, आणि पोरीचं तोंड बघून तिनं हात खाली सोडले.

"शेठ," कल्याण मूलचंदशेठना बाजूला घेऊन म्हणाला, "साडेपाच मिनिटं उभी होती ती. फाटक बंद होतं. माझ्या वहीत टाइम लिहिलेला हाय. वजा करा ना."

मूलचंदशेठचा चेहरा उतरला. भला माणूस होता. "कल्याणराव, माझ्या हातात असतं तर दहा वजा केले असते. बुटाला चिप आहे, टाइम थेट पुण्याला गेला. आणि बाकीचे निघून गेले ना तिथून? ही का नाही गेली, विचारतील ते."

कल्याणनं पोरीलाच विचारलं. ती लिंबाच्या पारावर बसून बूट काढत होती. दैवशाला पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली होती.

"पुढच्या वर्षी..." त्यानं सुरुवात केली.

"पुढच्या महिन्यात चोवीस पुरी होतायत मला."

"मंग तू गेली का न्हाईस?" त्याचा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. "ती परभणीची गेल्ती. दोन गडी गेल्ते. कुणी मेलं का? मी आरडलो तर आरडलो! रोज पन्नास जण मला शिव्या देऊन खालून जातात. तुला जाता येत नव्हतं?"

पोरीनं उलट चार शब्द सुनावावेत, बूट फेकून मारावा, असं त्याला फार वाटत होतं. त्यानं थोडं तरी बरं वाटलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. थकली होती, आणि जे होतं तेच सांगत होती.

"दुसऱ्या कुणी थांब म्हणलं असतं तर मी थांबले नसते, पप्पा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.