केर बाहेर जातो म्हणे!

मी एक जुना डक्ट आहे. नाव ऐकून लगेच जांभई देऊ नका, मित्रांनो. डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा चौकोनी बोगदा. तळघरातलं यंत्र हवा गरम किंवा गार करतं आणि मी ती जमिनीखालून प्रत्येक खोलीत पोचवतो. खोलीच्या जमिनीत लोखंडी जाळी दिसते ना, ते माझं तोंड. बाकीचा मी कुणालाच दिसत नाही, आणि सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

पत्रेवाल्याने मला कापलं, वाकवलं, ठोकून ठोकून सांधलं, तेव्हा मी आतून इतका लख्ख होतो की कुणीही तोंड बघून घ्यावं. पहिल्या थंडीत घरातले सगळे माझ्या जाळीभोवती पाय शेकत बसले. "काय सुख आहे!" बाबा म्हणाले. तेच माझं पहिलं कौतुक आणि तेच शेवटचं.

आता या घरची आई. स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. कपाटावरून बोट फिरवून बघणार, पाय पुसल्याशिवाय कुणाला आत घेणार नाही. कोपरा न् कोपरा झाडते. आणि झाडून झालं की केर सुपलीत भरायचा सोडून काय करते? जाळीत ढकलते! रोज! झाडूचा एक फटका, की केर माझ्या घशात. वर हात झटकून म्हणते, "चला, गेलं बाहेर."

अगं बाई, बाहेर कुठे? मी काय गटार आहे? माझं एक टोक यंत्राला जोडलंय आणि बाकीची सगळी तोंडं तुझ्याच खोल्यांत उघडतात! तू ढकललेलं मी ठेवू तरी कुठे? यंत्र सुरू झालं की त्यातलं बारीक बारीक पुन्हा तुमच्याच नाकात. पण माझं ऐकतंय कोण! मी ओरडलो तरी त्यांना नुसती घरघर ऐकू येते, आणि बाबा म्हणतात, "यंत्र जुनं झालं वाटतं."

आईचं बघून सगळेच शिकले. बाबांनी पेन्सिलीला टोक केलं, सालपटं माझ्यात. सुताराने कपाट बसवलं, भुसा माझ्यात. धाकटीने तर कडू गोळी जिभेखाली धरून ठेवली आणि आईची पाठ वळताच माझ्यात थुंकली. जाळी मात्र आई दर आठवड्याला घासून चकचकीत करायची. वरून कीर्तन, आतून तमाशा!

मग धाकटीला खोकला लागला. एकदा उबळ आली की लाल लाल व्हायची पोर. डॉक्टर म्हणाले, "घरात धूळ आहे का, ते बघा." आईला तो अपमानच वाटला. "आमच्या घरात? धूळ?" तरी तिने गाद्या उन्हात घातल्या, पडदे धुतले, गालिचा काढून टाकला. खोकला होता तिथेच. शेवटी सगळ्यांची नजर ढोल्यावर गेली.

ढोल्या म्हणजे धाकटीचा बोका. एवढंसं पिल्लू असताना तिने त्याला चमच्याने दूध पाजून वाढवलेला. थंडीत तो दिवसभर माझ्या जाळीवर पसरायचा. मला तरी या घरात तेवढाच सोबती. एक दिवस आईने त्याच्या पाठीवर झाडूचा फटका मारला आणि धुळीचा लोट उठला.

"बघा! हे बघा! सगळी धूळ या मेल्याच्या अंगात!"

अहो, ती धूळ माझ्या तोंडातून गेलेली होती! मी घरघरलो, खडखडलो, जाळीचा एक स्क्रू सैल होईपर्यंत हादरलो. उपयोग शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याला आपल्या घरी न्यायला आत्या टोपली घेऊन आली. धाकटी टोपलीला मिठी मारून बसली. "आई, मी नाही खोकणार. खरंच नाही खोकणार," असं म्हणता म्हणताच तिला उबळ आली. ढोल्या गेला.

आणि खोकला? तो कशाला जातोय! धाकटी खोकायची आणि रिकाम्या जाळीकडे बघून रडायची. मला इतका संताप यायचा की काय सांगू.

शेवटी माझाच दम कोंडला. मागच्या खोलीत हवा जाईना, तेव्हा बाबांनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने जाळी उचलली, आत बॅटरी मारली आणि "अरे बापरे!" म्हणाला. मग लांब नळी, गरागरा फिरणारा ब्रश आणि धूळ ओढणारं मोठं यंत्र लावून त्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून काढलं. ओसरीवर करड्या धुळीचा ढीग झाला.

"एवढं आत गेलं कसं?" त्याने विचारलं.

"आम्ही केर बाहेर ढकलतो ना, त्यातलं थोडं राहिलं असेल," आई म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे?"

आईने जाळीकडे बोट दाखवलं. ते बोट तसंच हवेत राहिलं.

"ताई, ही वाट बाहेर जात नाही. घरातच फिरते," मेकॅनिक म्हणाला. "खोकल्याचं डॉक्टरांना विचारा. पण ही हवा मी माझ्या घरात कुणाला घेऊ देणार नाही."

त्यानंतर कुबट वास गेला. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळीही स्वच्छ दिसू लागलं. यंत्राची धाप थांबली. धाकटीचा खोकला हळूहळू उतरला, आणि डॉक्टर म्हणाले, "आणा त्या बोक्याला परत. बघू काय होतंय."

आत्याने दारात टोपली उघडली. ढोल्या बाहेर आला, उंबऱ्यावर बसला आणि घराकडे पाठ केली. धाकटीने हाका मारल्या, दुधाची वाटी पुढे केली. पठ्ठ्या ढिम्म! मग आई पुढे आली. मांजराला आजवर झाडूशिवाय हात न लावणारी ती बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"चुकलं रे माझं," ती हळूच म्हणाली. "धूळ माझीच होती. चल आत, बाळा."

ढोल्याने बराच वेळ शेपटी आपटली. मग उठला आणि धाकटीच्या मांडीत जाऊन बसला.

मित्रांनो, मी पुन्हा भरणार आहे, कारण घर म्हटलं की धूळ आलीच. तेव्हा जाळी नुसती वरून पुसू नका, ती उचला. घरात कुणी खोकू लागलं, तर कुणावर ठपका ठेवण्याआधी आत वाकून बघा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. ढोल्यालाही येत नव्हतं.