एकाच पट्ट्यावरचे दोन माईक

सोनाळ्यात किसनराव मंडप बांधतो अन् लाऊडस्पीकर त्याची बायको गोजरबाई लावते. तिची शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण दुरुस्तीसाठी उघडलेल्या रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या डब्यांतून. हवेत ज्याचा त्याचा लहरींचा पट्टा असतो, एवढं तिला पक्कं कळलेलं. आकाशवाणीचा एक, मोबाईलचा दुसरा, पोलिसांच्या वायरलेसचा तिसरा. स्वस्तातले बिनवायरचे माईक मात्र बरेचदा एकाच पट्ट्यावर दाटीवाटीनं राहतात.

मागच्या ग्रामसभेत तिनं माईक बायांकडे फिरवला, म्हणून यंदा सरपंच देवानंदनं पंचायतीचा वेगळा सेट आणला, बिनवायरचा माईक अन् भोंगा. डब्यावरचा आकडा पाहूनच ती म्हणाली होती, हा अन् माझा एकाच पट्ट्यावरचे आहेत, बदलून आणा. तो हसला. "काकू, माईकले बी भाऊबंद राह्यते काय?"

सव्वीस जानेवारीला मारुतीच्या पारासमोर सभा भरली. शाळेमागच्या मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचा ठराव होता. त्या जागेवर बचत गटाच्या बाया मिरची वाळवतात. जागा गेली की गट मोडला. गटाची अध्यक्ष अपेक्षा दोनदा बोलायला उभी राहिली. दोन्ही वेळा देवानंदनं माईक बंद करून मांडीवर ठेवला, अन् तिचं बोलणं दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही.

गोजरबाई उठली. घरून आपला माईक आणला, चालू करून अपेक्षाच्या हातात दिला. देवानंदचा माईक बंदच होता. पंचायतीच्या भोंग्यातून अपेक्षा बोलू लागली.

देवानंदनं घाईनं बटन दाबलं. भोंगा खरखरला, अन् सेटाच्या जवळचा म्हणून देवानंदच्या माईकचा आवाज वर आला. आता तो बोलेल तोवर भोंगा त्याचा. माईक बंद केला की अपेक्षाचा. त्यानं रस्ते सांगितले, नाल्या सांगितल्या, लावलेली झाडं एकेक करून सांगितली. पाणी प्यायला म्हणून बटन बंद केलं, तेवढ्यात भोंग्यातून आलं, "चाळीस बाया त्या जागेवर पोट भरून राह्यल्या..." ग्लास तसाच ठेवून त्यानं पुन्हा झाडांपासून सुरुवात केली. माणसं उपरण्याआड हसू लागली.

"काकू, बंद करा ना तो माईक," तो शेवटी भोंग्यातूनच म्हणाला.

"काऊन? तू बोल ना बाप्पा," गोजरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "आज सुट्टी आहे. आमाले कुठं घाई आहे?"

घसा बसला तेव्हा देवानंदनं माईक बंद केला. अपेक्षा सगळं बोलली. तिच्यामागून पुष्पांजली बोलली, जिचा एवढा मोठा आवाज तिच्या सासरच्यांनीही कधी ऐकला नव्हता. हात वर झाले ते गाळ्यांच्या बाजूनं नऊच.

ग्रामसेवक नीळकंठनं ठराव नामंजूर झाल्याचं लिहिलं अन् वहीत तोंड घालून पुटपुटत वाचलं. गोजरबाईनं माईक त्याच्या ओठांशी नेऊन धरला.

"पुन्हा वाचा, सायेब. नाल्यापलीकडं ऐकू नाई गेलं."