पेटीला काच कशाला

गहिनीनाथ सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये सव्वीस वर्षं राबला. मशीन धाडकन खाली यायचं, पत्र्याचा तुकडा वाकून बाहेर पडायचा, की लगेच पुढचा. दिवसभर तेच. कानात घालायला बोंडं मिळायची, पण ती घातली की शेजारच्याची हाक कळत नाही म्हणून कुणीच घालत नसे. तोही घालत नसे. रिटायर होऊन वस्तीवर राहायला आला तेव्हा त्याला वाटलं, इथं काय निवांत आहे. मग एका सकाळी सविता, त्याची बायको, चिंचेकडं बघून म्हणाली, "ह्या साळुंक्यांनी तर डोकं उठवलंय." त्यानं मान वर केली. झाड साळुंक्यांनी भरलं होतं, चोची उघडत होत्या, मिटत होत्या, आणि त्याला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गावातल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याची लोक पारावर कशी टर उडवतात ते त्यानं पाहिलं होतं. त्यापेक्षा अंदाजानं बोलावं, ओठ बघावेत, "व्हय व्हय" म्हणावं. साठीच्या माणसाला लोक विचारून विचारून विचारतात काय? तब्येत, पाऊस, कांदा, जेवण. बहुतेक वेळा त्याचा नेम बरोबर लागायचा. सविताचा आवाज तेवढा मोठा होता. तो उपजतच मोठा आहे असं गहिनीनाथ समजून चालला होता.

श्रावणात राखीपौर्णिमा आली. धाकटी बहीण चांगुणा मिरजगावला दिलेली. ती दरवर्षी टपालानं राखी पाठवायची, कारण सणाच्या गर्दीत सुप्यापर्यंत एसटीनं येणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. या वर्षी पौर्णिमा उजाडली तरी राखी आली नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला. गहिनीनाथ तेव्हा अंगणात उभा होता. तोडलेला मूग वाळत घातला होता आणि पारनेरच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं होतं.

फोनवर ओठ दिसत नाहीत. त्याला नुसती भुणभुण ऐकू आली आणि शेवटी "आली का", नाहीतर "आला का" असं काहीतरी. पावसाचंच विचारत असणार, त्यानं ठरवलं.

"न्हाई अजून," तो म्हणाला. "आन आता नकोच. आमचं काम झालंय."

पलीकडून आवाज आला नाही. राखीचं विचारावं म्हणून त्यानं "हॅलो, हॅलो" केलं, पण फोन बंद झाला होता. रेंज गेली असेल म्हणून त्यानं तो खिशात टाकला आणि मुगावर ताडपत्री ओढली.

पुढं चार-आठ दिवसांनी सविता गोठा झाडत होती. शेळीच्या दावणीतून तिनं पाकिटाचा एक चघळलेला कोपरा उचलून आणला. त्यावर मिरजगावचा अर्धा शिक्का होता आणि लाल-सोनेरी धागा लटकत होता.

"घ्या," ती म्हणाली. "तुमची राखी शेळीनं बांधून घेतली."

टपाल आणणारी रेश्मा नवी होती. वर्षभरापूर्वी डाकसेविका म्हणून लागली होती आणि स्कूटीवर वस्त्या फिरायची. दुसऱ्या दिवशी सवितानं तिला रस्त्यातच गाठून विचारलं. रेश्मा कावरीबावरी झाली. "मावशी, मी किती हाका मारल्या. काका मागं शेडमध्ये पाठमोरे बसले होते. वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, आपल्यावर चिडलेत की काय. मग पाकीट पायरीवर दगडाखाली ठेवून गेले."

सविता दुपारी शाळेत पोरांचा पोषण आहार शिजवायला जायची. टपाल नेमकं त्याच वेळेला यायचं आणि घरात गहिनीनाथ एकटा असायचा. तिनं नवऱ्याला हे सगळं सांगितलं, पण हाका ऐकू आल्या नाहीत, एवढं एक वाक्य दोघांपैकी कुणीच उच्चारलं नाही.

त्यानं चांगुणाला फोन लावला. तिनं उचलला नाही. सवितानं लावला, तोही उचलला नाही. "पोरात असंल," सविता म्हणाली. चांगुणाच्या मुलाची, वैजनाथची, बायको नुकतीच बाळंत झाली होती.

"दारावर एक पेटी करतो," गहिनीनाथ म्हणाला. "टपालाची. पुन्हा असं व्हायला नको."

"बाजारात पत्र्याची तयार मिळती."

"पत्र्याचं नाव नको काढू."

कारखान्यात परदेशातून मशिनं यायची ती पाइनच्या फळ्यांच्या खोक्यांतून. त्या फळ्या सुप्याच्या परिसरात घरोघरी दिसतात. कुणाचा पलंग असतो, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. गहिनीनाथकडंही शेडच्या माळ्यावर काही पडून होत्या. त्यानं त्या उतरवल्या, खिळे उपटले, शेजारच्या कानिफनाथकडून करवत आणि रंधा आणला आणि चिंचेखाली बसला.

लोखंड त्याला कळत होतं. ते मापात कापलं की मापात राहतं. लाकडाचं तसं नव्हतं. पहिलाच खिळा ठोकला आणि फळी टोकापासून उभी चिरली. दुसरीही चिरली. मग त्याला सुचलं, आधी बारीक भोक पाडावं आणि त्यात खिळा घालावा. रंधा त्याच्या हातात उड्या मारायचा, एका जागी खोल जायचा, दुसरीकडं नुसता घसरायचा. एका बाजूची फळी दुसरीपेक्षा बोटभर आखूड निघाली. ती त्यानं तशीच लावली आणि दुसरी कापून तिच्याएवढी केली, त्यामुळं पेटी ठरवल्यापेक्षा बुटकी झाली.

तरी त्याचं मन लागलं होतं. करवतीचा आवाज त्याला कानानं येत नसे, पण मनगटातून कळायचा. लाकूड कुठं घट्ट आहे, कुठं गाठ आली, ते हात सांगायचा. एरवी त्याला दिवसभर अंदाज बांधावा लागायचा, तो त्या चार दुपारी लागला नाही.

पत्रं टाकायची फट त्यानं वरच्या झाकणातच पाडली. सविता शाळेतून आली, तिनं पेटीकडं बघितलं आणि तांब्याभर पाणी आणून वरून ओतलं. पाणी सरळ आत गेलं.

"आता चांगुणाताईंची पुढची राखी वाळत घाला," ती म्हणाली.

तो चिडला, पण दुसऱ्या दिवशी त्यानं झाकण उतरतं केलं, पुढं वळचणीसारखं काढलं आणि फट त्याच्याखाली समोरच्या फळीत घेतली. जाडजूड पाकीटही जाईल एवढी रुंद. खाली बिजागऱ्यांचं दार, त्याला कडी. त्या दारात मात्र त्यानं तळहाताएवढा चौकोन कापला आणि एका जुन्या फोटोच्या चौकटीतली साधी काच काढून तिथं बसवली.

पेटी भिंतीला लावत होता त्या दुपारी रेश्मा आली. तिनं स्कूटी लावली आणि कौतुकानं समोर येऊन उभी राहिली. समोर उभी होती म्हणून तिचं बोलणं त्याला कळलं.

"छान झालीय काका. पण पेटीला काच कशाला? आतलं टपाल येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल की."

उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं. उजेड जावा म्हणून, पाली होऊ नयेत म्हणून, असलं काहीतरी. पण या पोरीच्या तोंडाकडं बघताना त्याला आठवलं, हिला वाटलं होतं आपण हिच्यावर चिडलोय. इतके दिवस ती भीत भीत दारात येत असणार.

"मला ऐकू येत न्हाई, बाई," तो म्हणाला. "पेटीत काय पडलं तर आवाज कळनार न्हाई. अंगनातनं येता-जाता दिसावं, म्हनून काच."

रेश्मा हसली नाही. "मग मी आल्यावर स्कूटीचा दिवा दोनदा मारत जाईन," ती म्हणाली, आणि पुन्हा, सावकाश, हातानं दिवा दाखवून म्हणाली. बँकेचं एक पाकीट होतं ते तिनं हातात न देता फटीतून आत सोडलं. काचेमागं ते पांढरं दिसलं. गहिनीनाथला फार हलकं वाटलं.

ते हलकेपण दोन दिवस टिकलं. रविवारच्या बाजारात मिरजगावकडचा एक ओळखीचा भेटला आणि म्हणाला, वैजनाथच्या पोरीचं बारसं झोकात झालं, तुमी दिसला न्हाई. गहिनीनाथनं त्याला पुन्हा विचारलं. ऐकण्यात चूक नव्हती. वैजनाथच्या मुलीचं बारसं झालं होतं आणि सख्ख्या मामाला बोलावणं नव्हतं.

सविता म्हणाली, "कायतरी बिनसलंय. फोनवर न्हाई मिटायचं. जाऊन या." आणि मग, "मी येऊ का संगं?"

"नको," तो म्हणाला.

नगरला एसटी बदलून तो दुपारी मिरजगावात उतरला. घराच्या ओट्यावर वैजनाथ होता. त्यानं पाया पडून "या मामा" म्हटलं आणि नजर चुकवून बाहेर निघून गेला. आत चांगुणा स्वयंपाकघरात उभी राहून चहा ठेवत होती. तिनं एकदा मागं बघितलं, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि परत पाठ केली.

त्याला दिसत होतं की ती बोलतेय. खांदे हलत होते, हातातला चमचा हलत होता. ती बराच वेळ बोलत राहिली. त्याला जुनी सवय होती त्याप्रमाणं "व्हय" ओठावर आलं. ते त्यानं गिळलं.

"चांगुणा," तो म्हणाला, "इकडं तोंड करून बोल. तू काय म्हनतीस ते मला ऐकू येत न्हाई."

ती वळली. डोळे लाल होते. "ऐकू येत न्हाई का ऐकायचं न्हाई?"

हे त्याला स्पष्ट कळलं.

"येत न्हाई. कान गेलेत माझे. पाच-सहा वर्सं झाली. सविता वरडती म्हनून तेवढं तिचं कळतं. बाकी सगळं अंदाजानं चालवतो."

चांगुणानं गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो आता कुठं ठेवावा ते तिला कळेनासं झालं होतं.

"पुनवेला मी तुला काय इचारलं हुतं?" ती एकेक शब्द तोडून म्हणाली.

"पाऊस आला का म्हनून."

"राखी आली का म्हनून इचारलं मी. तर तू म्हनलास, न्हाई, आन आता नकोच, आमचं काम झालंय."

चैत्रात चांगुणा पारनेरला आली होती आणि वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याची सही करून गेली होती. कुरकुर केली नव्हती. "माझं माहेर राहिलं म्हंजे झालं," एवढंच म्हणाली होती. त्या सहीनंतरची ही पहिली राखी. आपलं वाक्य तिच्या कानानं गहिनीनाथनं आत्ता ऐकलं.

"मूग काढून झाला हुता," तो म्हणाला. "अंगनात पडला हुता. पाऊस नको, असं म्हनत हुतो मी. राखी शेळीनं खाल्ली, चांगुणा. रेश्मानं, आमच्या टपालवालीनं, हाका मारल्या त्या मला कळल्या न्हाईत, तिनं पायरीवर ठिवली आन शेळीनं खाल्ली. मी दारावर पेटी केली आता. लाकडाची."

त्याला हे नीट ओळीनं सांगायचं होतं, पण सगळं एकदमच आलं. चांगुणानं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं त्याला वाटलं. मग खांद्यांवरून कळलं, थोडी हसतही होती.

"तीन आठवडं," ती म्हणाली. "तीन आठवडं मी जेवले न्हाई धड. वैजनाथ म्हनत हुता, मामाला बोलवू. मीच म्हनलं, काम झालंय त्यांचं. लेकाची लेक, तिचं बारसं तुझ्याबिगर केलं मी." ती उठली, बाहेर जाऊन वैजनाथला हाक मारली आणि परत येऊन बसली. मग तिला राग आला तो खरा, सख्ख्या बहिणीचा. "आन कान गेले तर सांगायला काय झालं हुतं? मी काय पारावरचं मानूस हाय?"



सुनेनं बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. नाव सत्यशीला. वैजनाथच्या आजीचं, चांगुणाच्या सासूचं. तो रात्री तिथंच राहिला आणि सकाळी चांगुणाच त्याच्याबरोबर निघाली, गुडघे दुखत असताना. नगरच्या दवाखान्यात तिनं त्याला कान दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, नाना तऱ्हेचे आवाज वाजवून बघितले. उजवा कान जवळजवळ संपला होता. डाव्याला मशीन लावलं तर समोरच्या माणसाचं बोलणं कळेल, म्हणाल्या. गर्दीत, बाजारात फार भरवसा धरू नका. मशीन आठवड्यानं मिळणार होतं.

दोघं माळीवाड्याच्या स्टँडवर येऊन बसली. तिची गाडी कर्जतकडची, त्याची पुण्याकडची. दोन्ही यायला वेळ होता. चांगुणानं पिशवीतून भाकरी काढली आणि बोलायला सुरुवात केली. लिंबाच्या बागेचं काहीतरी होतं, मग शेजारणीचं, मग कुणाचं तरी लग्न मोडलं त्याचं. मधूनच एखादी गाडी घरघरत फलाटाला लागायची आणि तिचं अर्धं वाक्य खाऊन जायची.

"काय म्हनलीस?" गहिनीनाथनं विचारलं.

तिनं पुन्हा सांगितलं. दुसरी गाडी आली.

"काय?"

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला, सरकून त्याच्या डाव्या बाजूला आली आणि पहिल्यापासून सगळं परत सांगायला लागली.