मी, खिळे सोसलेला पट्टा

मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, ही कसली जुनाट रबरी चटई उतारावर पसरून ठेवली आहे! चटई म्हटलेलं मला अजूनही लागतं. मी एका स्नोमोबाईलचा पट्टा आहे. बर्फावर धावणाऱ्या त्या गाडीच्या पुढच्या दोन फळ्या नुसती दिशा दाखवतात. धावायचं, ओढायचं, बर्फ मागे फेकायचं काम पोटाखाली फिरणाऱ्या पट्ट्याचं. ते मी पुष्कळ वर्षं केलं. आता जमिनीला टेकून पडलो आहे, पण अंगातली चुळबुळ काही जात नाही. सरोवरावरून कुणाची गाडी गेली की वाटतं, उठावं आणि तिच्यामागे निघावं.

माझा जन्म कारखान्यातला. वर रबर, आत कापडी दोऱ्यांचं जाळं आणि ठरावीक अंतरावर आडव्या घातलेल्या कडक काड्या, म्हणजे माझ्या बरगड्याच. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा अंगभर रबराचे दात आले होते. मी गोल, मला ना सुरुवात ना शेवट. अशाला थांबायचं कसं, ते कोण शिकवणार?

दूर उत्तरेतल्या इनारी सरोवराच्या काठी मला आणलं ते इस्सातआबांनी. त्यांचा रेनडिअरचा कळप होता, आणि आहे. हिवाळाभर कळप रानात चरायचा. वसंत आला की गाभण माद्यांना सरोवर ओलांडायची घाई सुटायची, कारण पलीकडच्या टेकड्यांवर त्यांची विण्याची जागा. गोठलेल्या सरोवरावरून त्यांना न्यायची रीत ठरलेली होती. पुढे आमची गाडी सावकाश चालायची, मागे ओढगाडी, ओढगाडीला दोराने बांधलेला गब्बा नावाचा पांढरा, माणसाळलेला रेनडिअर, आणि त्याच्या गळ्यातल्या घंटेमागे सगळा कळप. कळपाच्या शेपटाला आबांच्या मेहुण्याची, आन्तेमामांची, गाडी असायची. त्या सावकाश चालीचा मला भारी वैताग यायचा, पण पलीकडे पोचल्यावर आबा माझ्यात अडकलेले बर्फाचे गोळे पाडायचे आणि थोपटून म्हणायचे, "चल, झालं बाबा तुझं." तेवढ्यावर माझा वैताग विरघळायचा.

मग एका वसंतात बर्फ वितळलं आणि लगेच पुन्हा कडक थंडी पडली. सरोवरावर ताज्या बर्फाचा कणही राहिला नाही, नुसता काचेसारखा गुळगुळीत थर. रबराला तिथे धरायला काही नसतं. वळण घेताना गाडीचं ढुंगण गरकन फिरलं, ओढगाडी उलटली, गब्बा तोंडावर आपटला आणि आबांचा पाय मोडला. उधळलेला कळप वेचून आणायला आन्तेमामांना फार धावपळ करावी लागली.

पाय जुळला, पण काठी कायमची हातात आली. पुढच्या वसंतात पुन्हा तसाच चकचकीत थर धरला, तेव्हा आबा खिडकीपाशी बसून म्हणाले, "सुन्ना, यंदा कळप आन्तेकडे दे. त्याच्यात मिसळून टाकू. संपवू हे."

सुन्ना त्यांची एकुलती एक मुलगी. उंच, कामसू आणि घाईची. तिने हातातला, विणत आणलेला कमरेचा पट्टा बाजूला टाकला. "संपवू म्हणजे? माझं काय मग?"

"तुझं काय म्हणजे? तू विणतेस की छान."

"आबा, पट्टे विणायला मी काय म्हातारी झालेय? कळप मी नेते. गाडीला खिळे बसवते आणि नेते."

"चांगल्या पट्ट्याला भोकं पाडायची? भोकं पाडलेला पट्टा मधेच फाटला तर?" आबांनी काठी आपटली. "नेशील तर ने. पण यंदा जर वाटेत कळप फुटला, तर शरदात सगळी जनावरं आन्तेची. मग रडायचं नाही."

मी बाहेर गाडीखाली होतो. खिडकी उघडी होती. खिळे, भोकं आणि फाटला हे तीन शब्द मी ऐकले आणि, खरं सांगतो मित्रांनो, माझ्या बरगड्या थरथरल्या.

दुसऱ्या दिवशी सुन्नाने गाडी शेडमध्ये घेतली आणि शेगडी पेटवली. पण एकदम माझ्यावर चाल करून आली नाही, हे तिचं मोठेपण. आधी तिने टाकून दिलेल्या एका पट्ट्याच्या तुकड्यावर हात चालवून पाहिला. साध्या ड्रिलने भोक पाडलं तर आतले दोरे पात्याला गुंडाळून उसवले गेले. तिने नाक मुरडलं आणि आन्तेमामांकडून पोकळ तोंडाचं पातं आणलं. ते रबराची गोल टिकली स्वच्छ कापून बाहेर काढतं, दोरे उसवत नाही. मग तिने माझ्या आत फिरणाऱ्या चाकांना शेगडीची काजळी फासली आणि मला हाताने फिरवलं. चाकं जिथून जातात तिथे काळे पट्टे उमटले. "इथे नाही," ती स्वतःशीच म्हणाली. बरगड्या तिने बोटांनी चाचपून खडूने आखल्या. "इथेही नाही." कडेच्या बाजूंनाही तिने हात लावला नाही.

पहिलं भोक पडलं तेव्हा मी डोळे मिटले असते, मला डोळे असते तर. दुखलं, पण फाटलो नाही. आतून खिळा, बाहेरून चकती आणि नट. नट आवळताना चकतीखाली रबर जरासं दबलं की सुन्ना थांबायची.

पहिला खिळा बसल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि कणकेचा गोळा घेऊन आली. माझ्या डोक्यावर गाडीचं पत्र्याचं छत असतं आणि त्याच्या पोटाला इंजिनाचं गरम पाणी फिरवणाऱ्या नळ्या. खिळा उंच असला तर पहिल्याच फेरीत नळी फुटायची. सुन्नाने कणीक छताच्या पत्र्याला चिकटवली आणि मला हाताने फिरवलं. खिळ्याने कणकेत पत्र्यापर्यंत चर पाडला.

"माझ्या भाकरीची कणीक गाडीला चारतेस काय?" दारातून आबा ओरडले.

"गाडी तरी बिनतक्रार खाते!" सुन्नाही तेवढ्याच जोरात ओरडली.

लांब खिळे परत गेले, आखूड आले. नळ्यांच्या बचावाला छताखाली तिने जाड पट्ट्या बसवल्या. पुन्हा कणीक लावून पाहिली, या वेळी बोटभर जागा राहिली. मग कुठे ती बाकीच्या भोकांना बसली.

आणि इथेच तिचा हात फसला. सुन्ना पट्टे विणणारी बाई. कमरेचे, पाळण्याचे, बुटांचे, लाल-पिवळ्या दोऱ्यांचे तिचे पट्टे आसपासच्या घराघरांत आहेत. सरळपणा तिच्या बोटांतच होता. डावीकडे एक रांग, उजवीकडे एक, मधोमध एक, दोऱ्यात ओवल्यासारखे खिळे बसले. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. आन्तेमामा बघायला आले, मला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "काय गं, कळप न्यायचाय की ह्याला लग्नाला न्यायचंय?"

"जळता काय मामा?"

"जळतोय तर! माझ्या गाडीला नाही एवढा नखरा."

मीही फुगलो होतो. कधी एकदा काचेसारख्या बर्फावर उतरतो असं झालं होतं. सुन्नाने गाडी घरासमोर सरोवरावर नेली, सरळ पळवली. छान धावलो. मग तिने वळण घेतलं आणि गाडीचं ढुंगण पुन्हा गरकन फिरलं. गेल्या वर्षीसारखंच. सुन्ना कशीबशी सावरली. दुसऱ्यांदा वळली, पुन्हा तेच. तिने इंजिन बंद केलं आणि हातमोज्यांत तोंड झाकून बसली. एवढं सोसून मी कुचकामीच ठरलो, असं मला वाटलं.

घराचं दार वाजलं. आबा काठी टेकत बर्फावर आले. त्या काठीला खाली लोखंडी टोक आहे. पाय मोडल्यापासून ते सरोवरावर उतरले नव्हते. गाडीकडे न बघता ते बर्फाकडेच बघत राहिले. जनावराचा माग काढायची सवय त्यांची, तसे वाकून बघत होते.

"सुन्ना, खिळे किती बसवलेस?"

"पुष्कळ."

"मग ओरखडे तीनच कसे?"

सुन्ना खाली उतरली. बर्फावर खरोखरच तीन खोल चर होते.

"ताज्या बर्फात कळप कसा चालतो गं?" आबांनी विचारलं.

"एकामागे एक. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकून."

"का?"

"मागच्याला कष्ट पडू नयेत म्हणून. आबा, आत्ता काय शाळा घेताय?"

"आणि चरायला लागला की?"

"मग पसरतो. आपापली जागा ज्याने त्याने खणायची..." ती बोलता बोलता थांबली. मग खाली बसून तिने तो मधला चर बोटाने चाचपला. "म्हणजे रांगेतला एकच खिळा खणतोय आणि बाकीचे त्याच्या मागून आयते चाललेत!"

"माझी पोरगी गं बाई," आबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. "पट्ट्याला खिळे बसवायला निघाली आणि पट्टाच विणून बसली. काढ हे रांगेतले, आणि सोड चरायला."

"आणि ही पाडलेली भोकं?"

आबांचं हसू मावळलं. "ती राहणार. पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून तर मी नको म्हणत होतो."

मित्रांनो, ती नवी भोकं पडली तेव्हा सुन्नाच्या डोळ्यांत पाणी होतं. या वेळी कुठलाही खिळा दुसऱ्याच्या वाटेत आला नाही. एक इथे, त्याच्या पुढचा तिथे, तिसरा भलतीकडेच. दिसायला मी अगदी गबाळा झालो. जुन्या रांगांची भोकं रिकामी उरली, मधोमधची रांग तर सगळीच. पहिला दिवस तिने मला हळूच चालवलं, मग एकेक नट पुन्हा आवळला. माझा जीव नुसता वरखाली होत होता. तिकडे माद्याही कुंपणापाशी येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या, सरोवराकडे तोंड करून.

निघायच्या सकाळी आबा कातडी अंगरखा घालून बाहेर आले आणि कुणाला काही न विचारता ओढगाडीत जाऊन बसले. गब्बाचा दोर त्यांनी आपल्या हातात घेतला.

"आबा, तुम्ही घरी थांबा. उलटली तर?"

"उलटली तर दुसरा पाय आहे. चल."

आम्ही निघालो. घंटा वाजत होती, मागे खुरांची खडखड. सरोवराच्या मध्यावर वारा असा काही घुमत होता की बर्फावर पाय ठरेना. तिथेच समोर भेग आली, लांबलचक, वर पाणी चढलेली. गब्बा अडला. मागच्या माद्या घाबरून गोल फिरायला लागल्या. एकदा का फिरत फिरत बाहेरची जनावरं सुटली की कळप फुटलाच. भेगेला वळसा घालायचा तर जागच्या जागी आखूड वळण घ्यायला हवं होतं, त्या काचेवर.

"आबा, मला भीती वाटतेय," सुन्ना मान न वळवता म्हणाली.

"मलाही वाटतेय. ब्रेकला हात लावू नकोस. सावकाश घे."

ती वळली. मला जोर करून उसळावंसं वाटत होतं, पण वेगाच्या दांडीवरचा तिचा अंगठा शांत होता, म्हणून मीही दम धरला. एकेक खिळा बर्फात उतरला, ज्याने त्याने आपली जागा खणली. गाडी जराशी कलली, कुरकुरली आणि वळली. मागचं अंग मागेच राहिलं. दोर ताणला, गब्बाने पाऊल उचललं, घंटा वाजली. एक म्हातारी मादी चक्रातून बाहेर पडून घंटेमागे लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. मागून आन्तेमामांची आरोळी ऐकू आली आणि ती शिवी नव्हती.

पलीकडच्या काठावर माद्या दगडांतल्या मोकळ्या गवताकडे पांगल्या. आबा ओढगाडीतून उतरले, काठीने माझ्यात अडकलेलं बर्फ पाडलं, मला थोपटलं. मग सुन्नाला म्हणाले, "उन्हाळ्यात पिल्लांच्या कानांवर तुझी खूण घालायची. माझी पुरे झाली." कानावर ज्याची खूण, त्याचं जनावर. सुन्ना त्यांच्या अंगरख्याला तोंड लावून उभी राहिली.

त्यानंतरही मी बरेच वसंत धावलो. शेवटी चीर पडली ती खिळ्यांपाशी नाही, त्या रिकाम्या भोकांपाशी. सुन्नाने नवा पट्टा आणला. त्याचे खिळे पहिल्या दिवसापासून पसरलेले. मला तिने शेडमागे टाकलं. तिथे गवत वाढलं, मी गुंडाळलेला पडून राहिलो आणि आतल्या आत तडफडत राहिलो. मग एका हिवाळ्यात तिने माझे खिळे काढले, मला कापून सरळ केलं आणि घरापासून काठावरच्या न्हाणीघरापर्यंतच्या उतारावर अंथरलं. मला दोन टोकं आली. धावणारा मी, आता माझ्यावरून दुसरे चालतात.

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाला बळ द्यायला निघालात तर आधी त्याच्या अंगावर हात फिरवून बघा, बरगड्या कुठे आहेत, चाकं कुठून जातात, डोक्यावर किती जागा आहे. आणि घाई करू नका. हे मी सांगतोय, ज्याला आयुष्यात घाईशिवाय काही सुचलं नाही.

रोज संध्याकाळी आबा न्हाणीघराकडे निघतात. उतार बर्फाने निसरडा झालेला असतो. सुन्ना दारात उभी राहून म्हणते, "हात देऊ का?" ते म्हणतात, "नको." मग त्यांच्या काठीचं लोखंडी टोक माझ्या मधल्या रांगेतलं एक रिकामं भोक शोधतं आणि त्यात घट्ट बसतं. ते एक पाऊल उतरतात. मग पुढचं भोक.